थांबवलं की जातात

माझा धंदा काय, हे एका वाक्यात सांगणं मला आजवर जमलेलं नाही. "व्हिडिओचं काम करते" म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे शूटिंग?" नाही. "मग एडिटिंग?" ते पूर्वी, बरीच वर्षं. "मग आता?" आता दुसऱ्यांचं एडिटिंग अडकलं की सोडवायला जाते, म्हणजे डोळ्यांनी साथ दिली तोवर जात होते. एवढं होईपर्यंत विचारणाऱ्याचा चहा संपलेला असतो आणि तो माझ्या यजमानांकडे वळतो. ते बँकेत होते, आणि बँक सगळ्यांना कळते.

"कामातलं काहीतरी लिहा, पण सोपं लिहा," असं संपादकांनी बजावलंय, म्हणून आधी सोपं करून टाकते. लग्नाचं शूटिंग कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर येतं ते शेकडो तुकड्यांत. त्यांना आम्ही क्लिपा म्हणतो. एडिटर त्या कापतो, जोडतो, वर गाणी घालतो आणि त्याची फिल्म होते. हे चालू असताना झालंय कसं ते त्याला सारखं बघावं लागतं, आणि ते जिथे दिसतं त्या चौकोनाला प्रिव्ह्यू म्हणतात. भाजी शिजताना तळहातावर थेंबभर रस्सा घेऊन आपण चाखतो, तसंच हे. ती चव म्हणजे जेवण नव्हे, पण मीठ त्याच चवीवर पडतं.

आता गंमत अशी, की हल्लीचे कॅमेरे फार जड चित्र काढतात आणि गावोगावच्या स्टुडिओतल्या मशिनींना ते पळवता येत नाही. मग दोन उपाय असतात. एक म्हणजे बघण्यापुरतं चित्र धूसर करायचं, पाव दर्जावर आणायचं. दुसरा म्हणजे प्रत्येक क्लिपची एक हलकी प्रत बनवायची आणि काम तिच्यावर करायचं. धंद्यात तिला प्रॉक्सी म्हणतात, मी हलकी प्रतच म्हणणार. शेवटची फिल्म निघते तेव्हा सॉफ्टवेअर हलकी प्रत बाजूला ठेवून मूळ क्लिप वापरतं. आणखी एक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये चित्र पळत असताना हलकी प्रत दिसते आणि थांबवलं की मूळ दिसतं. पळत्या चित्राला घाई असते, थांबलेल्याला नसते.

प्रिव्ह्यूची दुखणी तशी मोजकीच. तो अडकतो, नाहीतर फुटतो. अडकण्याचा एक नमुना घोटीचा. भाताच्या गिरणीला लागून एकाचा स्टुडिओ होता. त्याच्याकडे एका लग्नाच्या फिल्मचा प्रिव्ह्यू दर वेळी एकाच जागी थिजायचा, नवऱ्याच्या आत्याबाईंच्या चेहऱ्यावर. चार वेळा झालं, पाच वेळा झालं. मालकाने मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. मी गेले, मशीन उघडलं, तर आतल्या पंख्यावर बोटभर तूस बसलेलं. गिरणीचं तूस खिडकीतून यायचं, पंखा फिरेना, आठ मिनिटांत मशीन तापायचं आणि आठव्या मिनिटाला बिचाऱ्या आत्याबाई यायच्या. मी आत्याबाईंना उचलून फिल्मच्या सुरुवातीला ठेवलं, तेव्हा ते भटजींच्या तोंडावर अडकलं. मालकाला पटलं, पण लिंबू-मिरची काही त्याने काढली नाही. "राहू द्या ताई, तूस काय आन नजर काय, दोन्ही बाहेरूनच येतं," म्हणाला. मी पंखा पुसून दिला आणि निघाले.

देवळाली कॅम्पात तर तोफांचा सराव सुरू झाला की प्रिव्ह्यूतला नवरदेव गायब व्हायचा. धडाम झालं की काळा पडदा, मग पुन्हा नवरदेव. डिस्कची वायर सैल होती आणि खिडक्यांबरोबर तीही हलायची. वायर घट्ट बसवून दिली तेव्हा मालक थोडा हिरमुसलाच. एवढ्या मोठ्या तोफेचं एवढंसं निघालं म्हणून.

अशी वर्षानुवर्षं उत्तरं सापडत गेली की माणूस चढतो, तशी मी चढले होते. माझं एक ब्रीदच होतं, आधी झाडू, मग निदान. सॉफ्टवेअर काम करता करता एका कोपऱ्यात तात्पुरत्या फायली, हलक्या प्रती, अर्धवट तुकडे साठवत जातं, आणि निम्मी दुखणी त्या अडगळीतून येतात. म्हणून मी गेल्या गेल्या, मूळ क्लिपा जागेवर आहेत ना एवढं विचारून, अडगळ साफ करायचे आणि सगळं नव्याने बनवायला लावायचे. पोरं मला मागे "झाडूवाल्या ताई" म्हणत. मला त्याचा अभिमान होता, तो सिन्नरला गळून पडला.

सिन्नरचा भाऊसाहेब माझा जुना विद्यार्थी म्हणावा असा. चाळिशीचा, सरळ, कामाला चोख. स्टँडजवळ हार्डवेअरच्या दुकानावर त्याचा स्टुडिओ. आजूबाजूच्या वस्त्यांवरची लग्नं त्याच्याकडे पिढीजात असल्यासारखी येत. एक दिवस सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, एक माणूस दिसतोय."

"कुठे?"

"प्रिव्ह्यूत. चालू असलं की दिसतो. थांबवलं की नाय दिसत."

"थांबवलं की कुठे जातो?"

"तेच इचारायला फोन केलाय."

मी हसले. तो हसला नाही. कोण माणूस आहे, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "गेलेला माणूस हाय, ताई. दीड वर्ष झालं त्याला."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मी पोहोचले. बाहेर रखरखीत ऊन आणि आत शिरलं की अंधार. एडिटिंगच्या खोलीला काळे पडदे असतात, रंग नीट दिसावेत म्हणून. डोळे सरावले तेव्हा कळलं, की कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसलेल्या आहेत. पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी मला नमस्कार केला आणि पुन्हा स्क्रीनकडे बघू लागल्या. स्क्रीनवर तेव्हा काहीच नव्हतं.

त्या मथुराबाई. सिन्नरच्या पलीकडे एका वस्तीवर त्यांचा झेंडूचा मळा. धाकटी मुलगी वैशाली, तिचं लग्न महिन्याभरापूर्वी झालं, शूटिंग भाऊसाहेबाचं. फिल्मला गाणी कोणती घालायची ते सांगायला म्हणून त्या आल्या होत्या, आणि प्रिव्ह्यूत त्यांना त्यांचे मालक दिसले. आप्पा. त्यानंतर त्या दिवसाआड येत होत्या. फुलं मार्केटला गेली की जीपमध्ये बसून सिन्नरला यायच्या, दुपारभर इथे बसायच्या आणि भाऊसाहेबाला म्हणायच्या, "लाव." भाऊसाहेब लावायचा आणि स्वतः जिन्यात जाऊन उभा राहायचा.

"दाखव," मी म्हणाले.

त्याने हळदीची क्लिप लावली. अंगण, मांडव, पाटावर पाठमोरी बसलेली हळदीने माखलेली नवरी, भोवती बायका. चित्र पाव दर्जाचं, सगळ्यांच्या कडा विरघळलेल्या. आणि नवरीच्या मागे, हातभर अंतरावर, खांद्यावर टॉवेल टाकलेला टोपीवाला माणूस. तो मान वळवून कोणाला तरी काही सांगत होता. ओठ हलत होते. आवाज मात्र बायकांच्या गाण्याचा.

मी थांबवलं. चित्र क्षणात स्वच्छ झालं. नवरीच्या मागे कोणी नव्हतं. नुसता मांडवाचा खांब.

चालू केलं. तो होता, मान वळवत होता. थांबवलं. खांब.

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. लहानपणापासून नाही. पण सातव्या-आठव्या वेळी थांबवलं तेव्हा माझ्या हातावर काटा उभा होता, हे कबूल करते. कारण तो नुसता दिसत नव्हता. शेवटी तो थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आमच्याकडे बघायचा आणि दोन पावलं पुढे यायचा. तेवढ्यात क्लिप संपायची.

"थांबवू नका," मागून मथुराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी घरगुती होता, दूध उतू जाईल, बघा, म्हणावं तसा. "थांबवलं की जातात."

मी खुर्ची वळवली. त्यांना वाटलं मी त्यांना वेड्यात काढणार, म्हणून त्या आपण होऊन सांगू लागल्या. "त्यांचा जीव होता धाकटीत. हिचं लगीन डोळ्यानं बघीन मंग जाईन म्हनायचे. नाय झालं. हळदीला मलाबी बायांनी जवळ येऊ दिलं नाय, रीत ती. मी आपली सैपाकघराच्या दारात. मनात म्हनलं, पोरीला आज ना बाप ना आई. आन हिथं येऊन बघते तर हे उभे तिच्या मागं. आले ते, ताई. मी नव्हते तर ते आले."

भाऊसाहेब खाली मान घालून उभा होता. मला म्हणाला, "चहा सांगून येतो," आणि गेला. त्या खोलीतून निघायला त्याला कारणच हवं होतं.

मी पुन्हा क्लिप लावली. या वेळी त्या माणसाकडे बघायचं नाही असं ठरवलं. धंद्यातली ही एक युक्ती आहे, दोष जिथे दिसतो तिथे बघायचं नाही, त्याच्या बाजूला बघायचं. चालू असताना अंगणात डावीकडे कडुनिंबाची सावली होती. थांबवलं की सावली नाही, नुसतं ऊन. म्हणजे माणूस एकटा जात नव्हता, झाडही जात होतं. मग मी बायका बघितल्या. नवरीच्या उजव्या अंगाला एक बाई वाकून हळद लावत होती. हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. थांबवलं तर त्या जागी दुसरीच कोणी. मी चालू-थांब, चालू-थांब करत गेले. थांबलेल्या चित्रात, पार मागे, स्वयंपाकघराच्या दारात मोकळ्या कपाळाच्या मथुराबाई होत्या. आणि पळत्या चित्रात हळद लावणारी ती कुंकवाची बाई, तीही मथुराबाईच होती.

आणि तिथेच मला उत्तर सापडलं.

"मथुराताई, तुमच्या अंगणात कडुनिंब होता का?"

"होता की. गेल्या वळवात पडला."

"थोरलीचं लग्न कधी झालं?"

"दोन वर्सं होतील. आप्पा होते तवा."

"शूटिंग कोणाचं?"

"याचंच. भाऊसाहेबाचं."

बाकीचं मी तिथे बसून अर्ध्या तासात फायलींमधून शोधून काढलं. भाऊसाहेबाच्या कामाच्या दोन रीती होत्या. त्या मला ठाऊक होत्या, मीच कधी त्याला हसले होते. एक रीत अशी, की प्रत्येक लग्नाआधी तो कार्ड कोरं करायचा आणि कॅमेऱ्यातला आकडा पुन्हा एकवर आणायचा. लग्नाची पहिली क्लिप गणपतीची, आणि तिचा नंबर एकच असला पाहिजे, मागच्या लग्नाचं काही पुढच्याला लागता कामा नये, अशी त्याची श्रद्धा. दुसरी रीत, एका घराचं एक फोल्डर. थोरलीचं लग्न, धाकटीचं लग्न, सगळं एकाच आडनावाखाली. आता लग्नाचे विधी कुठल्याही घरी त्याच क्रमाने होतात. गणपती एक नंबर, मग थोरलीची हळद जर सत्तेचाळीसला पडली तर धाकटीचीही तिथेच कुठेतरी पडते. धाकटीच्या क्लिपांच्या हलक्या प्रती बनवताना सॉफ्टवेअरने विचारलं असणार, या नावाची प्रत आधीच आहे, तीच ठेवू का? आणि वेळ वाचतोय म्हणून भाऊसाहेबाने "ठेव" म्हटलं असणार. म्हणून पळताना थोरलीची हळद दिसत होती आणि थांबवलं की धाकटीची. तेच अंगण, तीच कॅमेऱ्याची जागा, दोघी बहिणी पाठमोऱ्या आणि हळदीत. त्यात पाव दर्जाचं चित्र. कोणीही फसलं असतं. आवाज तेवढा धाकटीचा, कारण ते सॉफ्टवेअर हलक्या प्रतीतलं फक्त चित्र घ्यायचं, आवाज मूळ क्लिपमधून.

मी हे सगळं मथुराबाईंना समजावून सांगितलं. छान सांगितलं, मला असं सांगायला आवडायचं. पडद्यावर बोट ठेवून झाडाची सावली दाखवली, कुंकू दाखवलं. त्या ऐकत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजे ते आले नव्हते."

"नाही, मथुराताई. ही थोरलीची हळद आहे."

त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाल्या, "असू द्या. पन राहू द्या की तसंच. काय बिघडतं?"

खरं म्हणजे काहीच बिघडत नव्हतं. शेवटच्या फिल्ममध्ये मूळ क्लिपाच जाणार होत्या. त्या जुन्या प्रती नुसती नावं बदलून बाजूला ठेवल्या असत्या तरी भागलं असतं, दोन मिनिटांचं काम. पण मला त्या अंधाऱ्या खोलीत काटा आला होता आणि त्याचा मला राग होता. भूत नाही हे सिद्ध करून मी गप्प बसणार नव्हते, मला ते पुसून दाखवायचं होतं. "चुकीच्या जागचं चित्र आहे हे," मी म्हणाले, आणि झाडू मारला. हलक्या प्रती साफ. सॉफ्टवेअरमधून साफ केलेलं कचऱ्याच्या डब्यातही जात नाही, थेट जातं. लगेच नव्या प्रती बनवायला लावल्या. हळदीची क्लिप लावून दाखवली. चालू, खांब. थांबवलं, खांब.

मथुराबाई उठल्या. पिशवी खांद्याला लावली, मला पुन्हा नमस्कार केला आणि जिना उतरून गेल्या. चहा घेऊन येणारा भाऊसाहेब त्यांना जिन्यातच भेटला असणार.

"झालं," मी त्याला म्हणाले. "थोरलीच्या प्रती होत्या. साफ केल्या."

त्याने चहा टेबलावर ठेवला आणि तो स्क्रीनकडे वाकला. "कुठल्या साफ केल्या? त्या सात?"

मी मोजल्या नव्हत्या. त्याने मोजल्या होत्या. आप्पा गेले तेव्हा दहाव्याच्या बॅनरसाठी घरात त्यांचा धड फोटो सापडेना. आयुष्यभर मळ्यात राबलेला माणूस, फोटो काढायला कधी गेला होता? तेव्हा मूळ क्लिपा जड म्हणून भाऊसाहेबाने थोरलीच्या लग्नाच्या हलक्या प्रती धुंडाळून ज्यांत आप्पा नीट दिसतात अशा सात वेगळ्या ठेवल्या, एकीतून बॅनरचा फोटो काढला. पुढे डिस्क भरली, तेव्हा थोरलीचं बाकी सगळं, मूळ क्लिपांसकट, त्याने पुसून टाकलं. राहिल्या त्या सात, आणि मी "थोरलीच्या" म्हणेपर्यंत तो त्या विसरून गेला होता. म्हणून तर प्रिव्ह्यूत जिथे जिथे जुनं दिसत होतं, तिथे तिथे आप्पाच होते. बॅनरसाठी निवडलेलेच सगळे.

"थोरलीची फिल्म आहे ना त्यांच्याकडे?" मी विचारलं.

"हाय. कन्यादानाला बसलेत त्यात, खाली मान घालून. वर गाणं. परवा मथुरामावशी मला म्हनल्या, त्या पिच्चरमध्ये ते पाव्हन्यासारखे बसलेत, हिथं घरातले दिसत्यात." तो खुर्चीत बसला. "चालते-बोलते आप्पा तेवढेच होते, ताई. मूळ कुठं हाय का, इचारायचं तरी."

विचारायला हवं होतं. इतक्या वर्षांत मी शेकडो मशिनी झाडल्या, दर वेळी विचारलं, त्या दिवशी विचारलं नाही. याला माझ्याकडे सबब नाही.

मी चालू असलेलं काम तोडलं, मशीन बंद केलं, डिस्क काढली. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की होते. म्हणून पुढे काही लिहू द्यायचं नाही. पण नव्या प्रती तर मीच बनवायला लावल्या होत्या. किती जागा त्यांनी व्यापली ते कळायला मार्ग नव्हता. डिस्क रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि एस.टी.त पर्स मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने दोनदा म्हटलं, खाली ठेवा की. नाही ठेवली.

नाशिकला घरी त्या डिस्कवर मी नऊ दिवस काम केलं. पुसलेलं शोधून काढणारी सॉफ्टवेअर असतात, ती डिस्कचा कण अन् कण चाळतात. निघालेलं सगळं मोडकं होतं. एका फाइलीत अर्धा मांडव आणि खाली हिरवा पट्टा. एकीत नुसती टोपी, चौकोनांमध्ये फुटलेली. एकीत चेहरा यायचा आणि त्यातूनच धाकटीच्या मांडवाचा खांब उगवायचा, दोन्ही एकमेकांत मिसळलेले. भर दुपारी, खिडकी उघडी, खाली भाजीवाला ओरडतोय आणि माझ्या टेबलावर तो माणूस असा तुकड्यातुकड्यांनी येत होता. यजमान एकदा मागे येऊन उभे राहिले आणि चहाचा कप ठेवून गेले. सहा प्रती गेल्याच. सातवी, तीच हळदीची, अकरा सेकंद वाचली.

शेवटचे अकरा सेकंद. आप्पा मान वळवतात, कॅमेऱ्याकडे बघतात, दोन पावलं पुढे येतात. आता ही फाइल सुटी होती, तिला दुसऱ्या कोणाचा आवाज नव्हता. हलक्या प्रतीत स्वतःचा आवाज असतोच, ते सॉफ्टवेअर तो वापरत नव्हतं इतकंच. मी हेडफोन लावले आणि आप्पा पहिल्यांदा बोलले.

"जेवले का? आधी जेवून घ्या, मंग काढा."

आणि कॅमेऱ्यामागून भाऊसाहेबाचा आवाज, "नंतर जेवतो, आप्पा."

मी हेडफोन काढून ठेवले. खूप रडले. कोणासाठी ते नीट सांगता येणार नाही.

आम्ही दोघं वस्तीवर गेलो. मथुराबाई ओसरीवर झेंडूचा ढीग घेऊन माळा ओवत बसल्या होत्या. मी आधी सगळं सांगून टाकलं, काय पुसलं, का पुसलं, काय उरलं. माफी मागितली. त्यांनी सुई चालूच ठेवली. मग मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर ठेवला.

"जेवले का? आधी जेवून घ्या, मंग काढा."

सुई थांबली. भाऊसाहेब उठून गोठ्याच्या बाजूला गेला आणि पाठ करून उभा राहिला. क्लिप संपली, पुन्हा लागली, मी तशी ती लावली होती. चौथ्या-पाचव्या वेळी मथुराबाई म्हणाल्या, "आवाजच इसरायला लागले होते मी."

मी म्हणाले, "मथुराताई, आता थांबवलं तरी ते जाणार नाहीत. हिच्यामागे दुसरं चित्र नाही. थांबवून बघा." आणि त्यांचा हात धरून बटनापाशी नेला.

त्यांनी चटका बसावा तसा हात ओढून घेतला. "नको. चालू द्या."

पेनड्राइव्हवर घालून, त्यांच्या टीव्हीत ती पुन्हा पुन्हा लागत राहील अशी सोय करून आम्ही परतलो. धाकटीची फिल्म भाऊसाहेबाने वेळेवर दिली. तो आता कार्डाचा आकडा एकवर आणत नाही, पुढेच जाऊ देतो. मीही त्यानंतर झाडू हातात घेण्यापूर्वी चार माणसांना विचारायचे, आणि पुढे वर्षभरात काम थांबवलं. डोळे हे एक कारण झालं.

मथुराबाईंचा मात्र अधूनमधून फोन यायचा. पाऊस कसा, फुलं कशी, वैशालीला दिवस गेलेत, असं काहीबाही. आणि त्यांच्या बोलण्यामागे, दर अकरा सेकंदांनी, लांबून एक पुरुषाचा आवाज. जेवले का. आधी जेवून घ्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोन कानापासून दूर धरला. मग सवय झाली. त्या माळा ओवताना ते लावून ठेवत आणि मध्येच त्याला उत्तरही देत, "हो, जेवते." माझ्याशी बोलत असतानाच. कोणाला देत आहेत ते मला कळे, त्यांनाही कळत असावं.

गेल्या महिन्यात दुपारी फोन आला. नेहमीसारखं पाऊस-पाणी झालं. मला काहीतरी वेगळं वाटत होतं, काय ते कळेना.

"ताई," त्या म्हणाल्या, "आज म्या थांबवलं."

"मग?"

"हायेत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्या मागून काहीच आवाज येत नव्हता.